जांबोटी-कणकुंबीकडे शांत रिसॉर्ट आणि ताटात तिथलंच जेवण, असं कुठे मिळतं?

टिळकवाडीची लेक

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आई-बाबा आणि थोरल्या मावशीला घेऊन जांबोटीच्या पुढे कुठेतरी दोन-तीन रात्री राहायचं मनात आहे. आई-बाबांचं सगळं आयुष्य बेळगावात गेलं, पण त्या रस्त्याने गेले ते गोव्याला जाण्यापुरते. मध्ये उतरून राहिले कधीच नाहीत. आईचे गुडघे दुखतात, बाबांना शुगर आहे, त्यामुळे ट्रेक आणि धबधबे नकोत. झाडं, बसायला ओसरी, गप्पा आणि वेळेवर गरम जेवण, बस.

विचारायचं कारण असं. मागे आम्ही नवरा-बायको याच पट्ट्यातल्या एका रिसॉर्टवर राहिलो होतो. नाव घेत नाही. खोली स्वच्छ, माणसं अदबीची, समोर डोंगर. कुंपणापलीकडे भाताची मळणी चालली होती आणि आत आमच्या ताटात पनीर बटर मसाला, गोबी मंचुरियन, जिरा राईस. रात्रीही तेच, दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तेच. शेवटी मी वाढणाऱ्या मुलाला विचारलं, तुम्ही काय जेवता रे? म्हणाला, "नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं." आम्हाला देशील का म्हटल्यावर आत विचारून आला आणि म्हणाला, "ते पाहुण्यांना द्यायचं नाही म्हणतात मॅडम."

मला ते फार लागलं. जंगलाच्या कडेला राहायला एवढे पैसे मोजायचे, तर तिथलं अन्न पानात पडायला नको का? त्यात रात्री लॉनवर कुठल्याशा ग्रुपने मोठा स्पीकर लावला होता, तो बारापर्यंत.

तुमचे अनुभव सांगा. राहणं आणि जेवण, दोन्हींबद्दल.

खानापूरकर

अपेक्षा रास्त आहे ताई. पण त्या भागात न सांगता मिळत नाही. बुकिंग करतानाच फोनवर सांगायचं, आम्हाला बुफे नको, तुमच्या घरी शिजतं ते द्या. आम्ही घरचे सगळे गेलो होतो तेव्हा असंच सांगितलं. दुपारी तांदळाची भाकरी, फणसाच्या आठळ्या घातलेली आमटी, सुक्या बांगड्याची चटणी आणि सोलकढी. वडिलांनी तिथल्या मावशींना बाहेर बोलावून हात जोडले. मावशी संकोचून "एवढं काय त्यात" म्हणत आत पळाल्या.

कुंदाप्रेमी

जाताना बेळगावातून कुंदा घेऊन जा, म्हणजे रात्रीच्या गोडाचा प्रश्न मिटला.

टिळकवाडीची लेक

@कुंदाप्रेमी, बाबांना शुगर आहे म्हटलंय ना वर!

कुंदाप्रेमी

मग माझ्यासाठी घेऊन या की. टिळकवाडीतच राहतोय.

हुबळीचा पाहुणा

मी जरा वेगळं बोलतो. मी वर्षातून एकदा तरी त्या बाजूला जातोच, घरची लहान-मोठी सगळी माणसं घेऊन. माझी मुलं भाकरीला हात लावत नाहीत, सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही, मेहुण्याला रोज चिकन पाहिजे. रिसॉर्टवाल्याने कुणाकुणाचं बघायचं? पनीर आणि जिरा राईस सगळ्यांना चालतं म्हणून ते करतात. त्यात पाहुण्यांचा अपमान नाही. मी तिथे झोपायला आणि झाडं बघायला जातो, जेवण पोटभर आणि स्वच्छ असलं की माझं भागतं.

पण त्या मुलाला "पाहुण्यांना द्यायचं नाही" असं सांगितलं, ते मलाही पटलं नाही. मागणारा मागतोय तर द्यावं.

चुलीजवळ

इथे लिहू की नको असा विचार करत होते, पण लिहितेच. आमची जांबोटीच्या पुढे चार खोल्यांची छोटी जागा आहे. नाव देत नाही, जाहिरात करायची नाही. पण स्वयंपाकघराच्या आतली बाजू सांगते.

भाकरी बुफेत ठेवता येत नाही. तव्यावरून उतरल्यावर थोड्या वेळाने ती वातड होते, झाकून ठेवली तर घाम येऊन ओली होते. म्हणजे पाहुणा पानावर बसल्यावरच थापायची. त्याला चुलीपाशी एक माणूस लागतं जे दुसरं काहीच करणार नाही. पनीरची भाजी सकाळी केलेली रात्री गरम करून चालते. मोठ्या जागेत पन्नास पानं एकदम उठतात, तिथे भाकरीवाली बाई परवडत नाही असं त्यांना वाटतं.

दुसरं, रात्रीची वेळ. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या दोघी शेजारच्या वाडीतल्या. त्यांना अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं, कारण वाटेत अस्वलाची भीती आहे. खानापूर तालुक्यात अस्वलाने माणसांवर हल्ले केल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यामुळे आम्ही रात्रीचं जेवण साडेसातला देतो आणि त्यांना गाडीने सोडून येतो. जे पाहुणे नऊ-दहाला जेवायला बसतात त्यांना चुलीवरचं मिळत नाही, मग गॅसवर जे होईल ते. कुणी नाराज होतं. मी त्यांना कारण सांगते, बहुतेक लोक समजून घेतात.

तिसरं, सामान. भाजी बेळगावहून येते. गावठी कोंबडी आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, आणि ती शिजायला वेळ घेते. आयत्या वेळी मागितली तर बॉयलरच मिळणार. नाचणी, कुळीथ, तांदूळ मात्र गावातच आहे. ते मागणाऱ्याला नाही म्हणायचं काहीच कारण नाही. पूर्वी आमच्या सासूबाईंनाच वाटायचं की शहरातल्या माणसाला नाचणी कशी वाढायची, कमीपणा वाटेल. तो विचार अजून पुष्कळ घरांत आहे. त्या मुलाला जे सांगितलं गेलं त्यामागे बहुतेक हेच असणार, तुम्हाला कमी लेखणं नसणार.

खानापूरकर

@चुलीजवळ, वहिनी, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. लवकर जेवायचं कारण मलाही आजच कळलं.

भाताचं शेत

जेवणाचा विषय निघालाय तर भातावर बोलू द्या. खानापूर तालुक्यात येऊन लांब दाण्याचा जिरा राईस खाणं मला बघवत नाही. आमच्याकडे इंटाण पिकतो. आमटीबरोबर त्याला जी गोडी आहे ती दुसऱ्या तांदळाला नाही. आणि बेळगाव बासमती अजून कुणाकडे लावलेला असेल तर घरात शिजत असताना वास अंगणात येतो. उत्पन्न कमी येतं, पीक उंच वाढून आडवं पडतं, म्हणून लावणारे कमी झाले. रिसॉर्टवाल्यांनी आसपासच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा तांदूळ घेतला तर लावणारे वाढतील. माझं हे मनापासून मागणं आहे.

ताई, तुम्ही जाणार तेव्हा सुगी चालू असेल. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, पण मऊ, तुपाबरोबर मागून घ्या.

चंदगडची सून

आमची चंदगडची बाजू तिलारीपर्यंत तशीच आहे, बेळगावहून लांबही नाही. आमच्याकडे ओल्या काजूची उसळ होते, पण ती मार्च-एप्रिलात. दिवाळीनंतर जाताय तर रताळी मागा. बेळगाव, खानापूर, चंदगड, तिन्हीकडे त्या दिवसांत रताळी निघतात. चुलीच्या राखेत भाजलेलं रताळं आणि वर थोडं तूप.

त्या बाजूच्या बायका भाकरी कशी करतात ते बघायला चुलीपाशी बसा, नाही म्हणत नाहीत. एका मावशींकडे मी बघत बसले होते. तांदळाचं पीठ कढत पाण्यात भिजवून, सोसेल तसं मळून, परातीत थापत गोल फिरवली. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकायच्या आत उलटली, आणि मग तवा बाजूला सारून निखाऱ्यावर उभी धरली. टम्म फुगली. मावशी माझ्याशी पोरीच्या लग्नाचं बोलत होत्या, भाकरीकडे बघत पण नव्हत्या.

जंगलवाट

आवाजाबद्दल. लॉनवर बारापर्यंत स्पीकर लावणं बेकायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यांत रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला मनाई आहे. व्यवस्थापकाला शांतपणे हे सांगा. ऐकलं नाही तर पोलिसांना फोन करायचा, ११२.

आणि त्या भागात हे जास्त महत्त्वाचं आहे. कणकुंबी-जांबोटीला लागून भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं, १९० चौरस किलोमीटरचं. गवे, अस्वलं, बिबटे, शेकरू, धनेश सगळं आहे तिथे. बारापेडे गुहेत राउटनचं वटवाघूळ राहतं, जे जगात मोजक्याच ठिकाणी सापडलंय. असल्या रानाच्या कडेला डीजे वाजवायचा म्हणजे काय म्हणावं? मी तर बुकिंगच्या आधी सरळ विचारतो, तुमच्याकडे लग्नं आणि कॉर्पोरेट पार्ट्या होतात का? हो म्हणाले की पुढची जागा बघतो. वेबसाइटवर "निसर्गाच्या कुशीत" सगळेच लिहितात.

पिरनवाडीचा

शनिवार-रविवार गेलात तर कुठेच शांत नाही. गोव्याला जाणाऱ्या गाड्या, बाईकवाले, वर मालाचे ट्रक. सोमवार ते गुरुवार जा, दरही कमी असतात. आणि रस्त्याला लागून असलेली जागा घेऊ नका, आत दोन-तीन किलोमीटर असलेली घ्या. चोर्ला रस्त्यावर घाटातून रात्रभर ट्रक चालतात, चढावर गिअर बदलताना जो आवाज होतोय तो खोलीत ऐकू येतोय.

पेट्रोल बेळगावातच भरा. आणि खड्डे बघून चालवा, आईंच्या गुडघ्यांना धक्के नकोत.

गोव्याच्या वाटेवर

एक बारीक दुरुस्ती सगळ्यांसाठी. लोक "चोर्ल्याचं रिसॉर्ट" म्हणून ज्या जागांचे फोटो टाकतात त्यांतल्या काही गोव्याच्या हद्दीत आहेत, काही कर्नाटकात. तिथे तीन राज्यांच्या हद्दी जवळजवळ येतात. जेवणातही फरक पडतो. हद्दीपलीकडे गोव्याची मासळी आणि नारळाचं वाटण जास्त, अलीकडे भाकरी, आमटी, शेंगा चटणी. फोन करताना पत्ता नीट विचारून घ्या.

हुबळीचा पाहुणा

शेंगा चटणीचं नाव काढलंत! ती मिळाली की मला पनीर पण नको आणि मंचुरियन पण नको.

चंदगडची सून

@हुबळीचा पाहुणा, म्हणजे आलात तुम्ही आमच्या बाजूला!

हुबळीचा पाहुणा

चटणीपुरता. मुलांचं अजून बाकी आहे.

शेतातली वाट

मी पावसाळ्यातला अनुभव लिहिते. जुलैत गेलो होतो. कणकुंबीचा पाऊस बेळगावच्या पावसासारखा नसतो, उभा पडतो आणि थांबत नाही. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत ते गाव आहे. लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, मोबाईलला रेंज नाही, कपडे वाळत नाहीत, जळवा पायाला. नवऱ्याला आवडलं नाही. मला विचाराल तर आयुष्यातली चांगली सुट्टी ती. मुलं कंदिलापाशी पत्ते खेळत बसली.

जेवायला अळंबी होती. रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात घेऊन बायका बसतात ना, ती. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात केली होती, मटणाची आठवणसुद्धा झाली नाही. त्या मावशींनी मला बजावलं, तुमची तुम्ही रानातून उपटून आणायची नाही, विषारी कुठली ते आम्हालाच कळतं. हे इथेही सांगून ठेवते, कारण हल्ली व्हिडिओ बघून लोक अळंबी वेचायला जातात.

जंगलवाट

@शेतातली वाट, अगदी बरोबर. आणि पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्याआधी वनखात्याची बंदी आहे का ते विचारून घ्यावं. मागच्या काही वर्षांत त्या भागात अशी बंदी घातली गेली आहे. रिसॉर्टचा माणूस "चला, मी नेतो" म्हणाला तरी जाऊ नये. पाय घसरून माणसं गेलीत.

निवृत्त मास्तर

टिळकवाडीच्या लेकीला सांगतो. आई-वडिलांना घेऊन जाताय, तर एक दिवस खोलीत, एक दिवस गाडीने जवळच्या जागा, असं करा. कणकुंबीला माउलीचं देऊळ आहे, मलप्रभेचा उगम तिथेच. गाडी जवळ जाते. इथे उगम पावलेली नदी पुढे सौंदत्तीला नवीलुतीर्थ धरणात अडते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते, हे तिथे उभं राहून आठवलं की बरं वाटतं.

परतताना जांबोटीवरून खानापूरला उतरा आणि हलशीला जा. कदंब राजांच्या वेळची पलाशिका ती. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. वडिलांना मंडपात बसवा, तिथल्या दगडाच्या गारव्यात दुपार जाते. वाटेत नंदगड लागतं. १८३१ साली २६ जानेवारीला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना तिथे फाशी दिली, त्यांची समाधी आहे. आमच्या शाळेची सहल दरवर्षी तिथे जायची.

साखर सांभाळून

मलाही मधुमेह आहे, इन्सुलिनवर आहे, म्हणून लिहितो. रिसॉर्टमध्ये खायला काय आहे यापेक्षा किती वाजता आहे ते आधी बघा. इन्सुलिन घेतलं आणि जेवण तासभर लांबलं तर घाम फुटतो, हात थरथरतात. वडील इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असतील तर वेळ फोनवरच पक्की करा आणि खोलीत बिस्किटं, थोडी साखर ठेवा. चुलीजवळ वहिनी साडेसातला वाढतात, हे आमच्यासारख्यांना वरदानच. लाईट जाते, त्यामुळे इन्सुलिन गार ठेवणारा छोटा डबा सोबत हवा.

खानापूरला सरकारी दवाखाना आहे, मोठं काही असलं तर बेळगाव. अंधार पडल्यावर घाटातून गाडी काढावी लागू नये अशा बेताने राहायची जागा निवडा.

टिळकवाडीची लेक

एवढं सगळं वाचून मी आईला फोनवर वाचून दाखवलं. रताळ्याचं ऐकून ती म्हणाली, आजोळी आम्ही राखेतलंच खायचो. मावशी हलशीला जायचंच म्हणतेय.

@चुलीजवळ, तुमच्या बोलण्याने माझा राग बराच निवळला. त्या मुलाला मी जराही तोडून बोलले नव्हते, पण मनात राग होता. आता तीन प्रश्न आहेत. खोल्या जमिनीलगत असतात का, की पायऱ्या? संडास कमोडचा असतो का? आणि गरम पाणी लाईट गेल्यावर मिळतं का?

चुलीजवळ

त्या भागातल्या पुष्कळ जागा उतारावर आहेत, त्यामुळे खोलीत पायऱ्या नसल्या तरी जेवणाच्या जागेपर्यंत असतात. हे फोटोत दिसत नाही. फोनवर असं विचारा, खोलीपासून जेवायच्या जागेपर्यंत किती पायऱ्या आणि मध्ये कठडा आहे का? आमच्याकडे सात आहेत आणि कठडा आहे. वयस्कर माणूस असलं तर आम्ही ताट खोलीच्या ओसरीवर आणतो, पण भाकरी तेवढी गरम राहत नाही, ते सांगून ठेवते.

कमोड आता बहुतेक ठिकाणी आहे. गरम पाणी बंबाचं असेल तर लाईटवर अवलंबून नाही, गिझर असेल तर आहे. आंघोळीच्या जागी धरायला दांडा आहे का तेही विचारा, पावसाळा सरला तरी तिकडे फरशी ओलसर राहते.

खानापूरकर

रात्री ओसरीवर बसणार असाल तर स्वेटर, कानटोपी घ्या. बेळगावपेक्षा थंडी जास्त असते. आणि टॉर्च.

हुबळीचा पाहुणा

चुलीजवळ वहिनी, मुलांसाठी भाकरीबरोबर गूळ-तूप देता का? तेवढ्यावर कदाचित जमेल. डिसेंबरात येईन म्हणतो.

चुलीजवळ

देते की. निरोपात तुमचा नंबर पाठवा. किती माणसं, कांदा-लसूण कुणाला चालत नाही, आणि कोंबडी कुठल्या दिवशी, एवढं आधी कळवा.

टिळकवाडीची लेक

मीही निरोप पाठवलाय. मंगळवार ते गुरुवार.

पिरनवाडीचा

मग किणयेला सकाळी नऊच्या आत ओलांडा, पुढे रस्ता मोकळा मिळतोय.